खिडक्या-काचांच्या सफाईचा स्वतःचा धंदा: मशीन, भाव आणि दोरी या तीन प्रश्नांच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीत हाउसकीपिंग एजन्सीत काम करता, राहायला वाकडला, दुचाकी आहे, गाठीला पन्नास हजार आहेत आणि आता खिडक्या-काचा साफ करण्याचा स्वतःचा धंदा टाकायचाय. विचारलंत ते तीन गोष्टींबद्दल: मशीन कोणतं घेऊ, स्क्वेअर फुटाला भाव काय लावू, आणि दोरीवरचं काम शिकू का.

तिन्हींवर बोलतो. पण या तिन्ही प्रश्नांत गिऱ्हाईक कुठे दिसत नाही. ज्या घरात रोज कामाला बाई येते, दिवाळीला तिच्याकडूनच काचा पुसून घेतात आणि फार तर हातावर तीनशे रुपये ठेवतात, त्या घरानं तुम्हाला हजार रुपये कशासाठी द्यायचे? याचं उत्तर जमलं की मशीन आणि भाव दोन्ही आपोआप ठरतात. नाही जमलं, तर चांगलं सामान घेऊन घरी बसण्याची वेळ येते. मी हे काम पुण्याच्या पश्चिम भागात, कोथरूड ते वाकड या पट्ट्यात करतो. पुढचं सगळं तिथल्या अनुभवावरचं आहे. दादरच्या जुन्या लाकडी खिडक्यांना किंवा नाशिकच्या बंगल्यांना ते जसंच्या तसं लागू होणार नाही. घरात दुसरी कमाई आहे का, हातउसने घेतलेत का, यावरही बरंच अवलंबून आहे. ते तुम्हालाच ठाऊक.

आधी बाईच्या कामाकडे नीट बघा. ती आतली काच पुसते आणि हात पोचेल तेवढी बाहेरची. ग्रिलच्या पट्ट्यांवरची धूळ राहते, मच्छरजाळी राहते, खालच्या ट्रॅकमध्ये माती, केस, मेलेल्या माश्या आणि पावसाचं पाणी मिळून जो काळा चिखल बसतो तो राहतो. आणि स्लायडिंग खिडकीत दोन काचा एकमेकांवर सरकतात तिथली मधली पट्टी तर घर घेतल्यापासून कुणी पुसलेली नसते. त्यात बाईची चूक नाही, तिच्याकडे ना तेवढा वेळ असतो ना सामान. म्हणून मी काच पुसून देतो असं कधी सांगत नाही. ‘पूर्ण खिडकी’ करून देतो म्हणतो: काच दोन्ही बाजूंनी, जाळी, ट्रॅक, ग्रिल आणि खालचा कट्टा. हे काम बाईच्या कामाच्या आड येत नाही, त्यामुळे तीही तुमच्यावर चिडत नाही. उलट वरचेवर तीच सांगते, अमक्या ताईंकडे पण जा.

आता स्लायडिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये नव्वद टक्के काम तिथंच असतं. साधारण खिडकीत तीन ट्रॅक असतात: दोन काचेची शटर आणि एक जाळीचं. शटर म्हणजे फॅब्रिकेटरच्या भाषेत सरकणारी एक चौकट. ही चौकट वर उचलली की खालच्या ट्रॅकमधून तिची चाकं सुटतात, मग खालची बाजू आपल्याकडे ओढून ती पूर्ण बाहेर काढता येते. काढून घरात, बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत जुन्या चादरीवर उभी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी निवांत धुवायची. बाहेर वाकायचा प्रश्नच उरत नाही. पण उचलण्याआधी वरच्या चौकटीत प्लॅस्टिकचा किंवा स्क्रूचा अडसर आहे का ते बघा. शटर उडी मारून निघू नये म्हणून तो मुद्दाम लावलेला असतो. काढलात तर परत बसवलाच पाहिजे. बाल्कनीच्या दाराचं शटर एकट्यानं उचलू नका. आठ मिलिमीटरची काच चौरस मीटरला वीस किलो भरते, म्हणजे मोठं दार चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जातं. काढता काढता चाक तुटलेलं दिसलं तर लगेच घरातल्या माणसाला बोलावून दाखवा, फोटो काढा आणि मग पुढं जा. काम झाल्यावर दाखवलंत तर ते तुम्हीच तोडलं असं होतं.

जाळी नायलॉनची की स्टीलची ते बघून हात लावायचा. घडीची, म्हणजे प्लीटेड जाळी असेल तर पाणी मारायचं नाही, घड्या एकदा चपट्या झाल्या की परत येत नाहीत. तिला मऊ ब्रशचं तोंड लावलेला व्हॅक्यूम पुरतो. ट्रॅकसाठी क्रम पक्का: आधी कोरडं, मग ओलं. सुक्या मातीवर आधीच पाणी टाकलंत तर चिखल होऊन कोपऱ्यात जातो आणि पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजतात. मग जूनमध्ये पहिल्याच जोरदार पावसात पाणी घरात येतं आणि फोन तुम्हाला येतो. ती भोकं जुन्या टूथब्रशनं आणि बांबूच्या काडीनं मोकळी करून, पेलाभर पाणी ओतून ते बाहेर जातंय हे घरातल्या माणसाला दाखवा. चकचकीत काचेपेक्षा लोकांना याचं जास्त कौतुक वाटतं, असं मी कायम बघत आलोय.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे लोक पैसे मोजतात, ती म्हणजे पाण्याचे डाग. तुमच्या भागात हा धंद्याचा कणा ठरेल. धरणाचं पाणी तसं मऊ, पण हिंजवडी, मारुंजी, बावधनकडच्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. कुंड्यांना घातलेलं पाणी किंवा वरच्या मजल्यावरून बाल्कनी धुतलेलं पाणी काचेवर उडतं, उन्हात वाळतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. पांढरे गोल ठिपके. साबणानं ते जाणार नाहीत, क्षाराला आम्लच लागतं. मी किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात घालतो. लिटरला साधारण दोन-तीन मोठे चमचे. कापड भिजवून ते काचेवर पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग पांढऱ्या नायलॉन पॅडनं हलकं घासायचं. हिरवं स्क्रबर काचेला लावायचं नाही.

यात तीन धोके आहेत. पहिला, खिडकीचा कट्टा संगमरवरी असेल तर लिंबूसत्वाचा एक थेंबही त्यावर फेसाळतो आणि तिथली चकाकी कायमची जाते. कट्ट्यावर आधी साध्या पाण्यात पिळलेला जाड टॉवेल टाका. ग्रॅनाइट त्यामानानं सोशिक असतो. दुसरा धोका टॉयलेट क्लीनरचा. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, काचेवरचे डाग झटकन निघतात, म्हणून बरेच जण वापरतात. पण ॲल्युमिनियमची चौकट पांढरी पडते आणि स्क्रू गंजतात. तिसरा सगळ्यात वाईट. बाजारात बिनलेबलच्या बाटल्यांतून डाग काढणारं पाणी मिळतं. त्यात फ्लोराइडचं आम्ल असू शकतं, ते काच तर खातंच, पण कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. बाटलीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती कितीही गुणकारी असो, पिशवीत ठेवू नका.

आणि काही डाग जात नाहीत, हे आधीच ओळखता आलं पाहिजे. क्षार वर्षानुवर्षं बसून राहिले किंवा प्लॅस्टर करताना सिमेंटचं पाणी ओघळलं, तर काचेचा पृष्ठभागच खाल्ला जातो. डागावर लिंबूसत्व लावा, धुवा, पूर्ण कोरडं करा. नखाला खरखर लागत नाही पण काच अजून धुरकट दिसते, तर तो आता डाग राहिलेला नाही, काचच गेली आहे. मी कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढा तुकडा करून दाखवतो आणि म्हणतो, एवढंच होईल, चालेल का? गिऱ्हाईक हो म्हणालं तर पुढं. सगळं निघेल असं तोंड भरून सांगणारे खूप असतात आणि त्यांना दुसऱ्यांदा कुणी बोलवत नाही.

आता मशीनकडे येऊ. घेऊ नका. प्रेशर पंपाचं मशीन तर मुळीच नको: फ्लॅटमध्ये ते पाणी रबराच्या पट्टीतून आत जातं, खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि भांडण तुम्ही निस्तरत बसता. लांब काठीतून शुद्ध पाणी सोडून ब्रशनं धुवायची पद्धत इंग्लंडमध्ये सर्रास चालते. पाणी गाळून त्यातले विरघळलेले क्षार जवळजवळ शून्यावर आणतात, त्यामुळे पुसायचीही गरज पडत नाही, वाळलं तरी डाग उरत नाही. पद्धत उत्तम आहे. पण तिथं दोन-तीन मजली घरं आहेत आणि काठी लावायला समोर अंगण आहे. शिवाय बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, जास्त असल्यानं तुमचे फिल्टर भराभर संपतील. पुढंमागं बंगले आणि शोरूमची कामं मिळाली तर बघा.

तुम्हाला लागणार ती साधी हत्यारं. एक चांगली स्क्वीजी, म्हणजे काचेचा वायपर, फरशीचा नव्हे. पितळेच्या किंवा स्टीलच्या पट्टीत एकच धारदार रबर बसवलेली ही आजची स्क्वीजी एत्तोरे स्तेक्कोने नावाच्या, इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एका काच पुसणाऱ्यानं १९३६ साली पेटंट घेतली. म्हणजे ती दुकानात नाही, काचेसमोर उभं राहून सुचलेली वस्तू आहे, आणि म्हणूनच इतक्या वर्षांत तिच्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. चौदा इंची एक आणि सहा-आठ इंची एक, एवढ्यात घरातल्या सगळ्या खिडक्या होतात. सोबत ओलं करायचा कापडी बाहीचा वॉशर, स्क्रॅपर आणि भरपूर नवी पाती, दहा-बारा मायक्रोफायबर फडकी, चौकोनी बादली, चार-सहा फुटी काठी, तीन पायऱ्यांचं घोडं आणि छोटा व्हॅक्यूम. दहा-बारा हजारांत सगळं बसतं. पैसे रबरावर खर्च करा. रबराची कड बोथट झाली की काचेवर बारीक रेघा उरतात आणि माणूस साबणाला दोष देत बसतो. पट्टीतून रबर काढून उलटं बसवा, दुसरी कडही वापरून होते, मग सरळ फेकून द्या.

वापरायची रीत सांगतो, कारण एजन्सीत हे शिकवतातच असं नाही. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब, बास. फेस जास्त झाला की ओघळ जास्त. वॉशरनं काच कडांपर्यंत नीट ओली करा. मग कोरड्या फडक्याचं टोक बोटावर घेऊन वरच्या कडेला इंचभर कोरडी पट्टी ओढा आणि स्क्वीजी त्या कोरड्या पट्टीवर टेकवून सुरुवात करा. ओल्या कडेवर टेकवलीत तर रबराखाली पाणी शिरतं आणि पहिल्याच ओढीला रेघ पडते. स्क्वीजी किंचित तिरकी, पाण्याची धार न पुसलेल्या बाजूला जाईल अशी धरायची, दर ओढीनंतर रबर पुसायचं, पुढची ओढ आधीच्या ओढीवर दोन बोटं चढवायची. शेवटी कडांवरून वेगळं, कोरडं फडकं. काचेच्या मधे फडकं लावायचं नाही. उन्हाचंही गणित सांभाळा: तापलेल्या काचेवर साबणपाणी ओढायच्या आत वाळतं. म्हणून पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर, पश्चिमेच्या सकाळी. घरात शिरल्या शिरल्या ऊन कुठून येतं ते बघून खोल्यांचा क्रम लावा.

स्क्रॅपर हे जपून वापरायचं हत्यार आहे. रंगाचे शिंतोडे, टेपचा गोंद, सिलिकॉन यांना तो लागतोच, पण फक्त ओल्या काचेवर आणि एकाच दिशेनं. मागं ओढताना पात्याखाली अडकलेला वाळूचा कण काचेवर रेघ मारतो. टफन केलेल्या, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेवर जास्त जपा. भट्टीत बसलेले बारीक कण काही काचांच्या एका बाजूला असतात आणि पातं ते उपटून सरळ काचभर ओढत नेतं. सन फिल्म लावलेली असेल तर स्क्रॅपर पिशवीतच राहू द्या. ‘नुकतंच रंगकाम झालंय’ अशा कामाला जाताना मी आधी लेखी, म्हणजे व्हॉट्सॲपवर का होईना, कळवतो की काचेवर आधीपासून असलेल्या ओरखड्यांची जबाबदारी माझी नाही, आणि हात लावण्याआधी तिरक्या उजेडात मोबाइलनं फोटो घेतो.

भाव. स्क्वेअर फुटाचा भाव मोठ्या ऑफिसला ठीक, घराला नाही. घरात वेळ जातो तो काचेच्या आकारात नाही. शटर काढण्यात, सोफा सरकवण्यात, ट्रॅक उकरण्यात जातो. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची लूव्हर खिडकी दोन फुटांची असते आणि मोठ्या काचेपेक्षा जास्त वेळ खाते. म्हणून शटरमागे भाव लावा आणि तो भाव स्वतःच्या घरखर्चावरून काढा, शेजारच्याच्या भावावरून नको. समजा, घरखर्च महिना २५,००० आहे. पेट्रोल, मोबाइल, रबर-फडकी, किरकोळ दुरुस्ती ३,०००. पावसाळ्यासाठी बाजूला ४,०००. झाले ३२,०००. सुरुवातीला महिन्यात खरं पैशाचं काम सोळा दिवस मिळालं तरी चांगलं, बाकीचे दिवस बघून येण्यात, फोनवर आणि रद्द झालेल्या कामांत जातात. म्हणजे दिवसाला २,००० सुटले पाहिजेत. दिवसात दोन घरं होतात, तर घरामागे १,०००. दोन बेडरूमच्या घरात जाळ्या धरून सोळा शटर धरली तर शटरला साठ-पासष्ट रुपये. ग्रिल वेगळं, डाग वेगळे, लूव्हर वेगळी. हे माझ्या हिशेबाचे आकडे नाहीत, नमुना आहे. तुमचे आकडे घालून पुन्हा करा. आलेला भाव तुमच्या भागात कुणी देणार नाही असं वाटलं, तर भाव पाडण्याआधी दिवसात दोनाची तीन घरं कशी होतील ते बघा.

ती होतात ती एका गोष्टीनं: घरं एकाच आवारात असली की. या धंद्यात पैसा जातो तो रस्त्यावर. सकाळी बाणेर आणि दुपारी रावेत असं घेतलंत तर वाटेतल्या भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्येच दिवस संपतो. त्यामुळे मी नव्या माणसाला सांगतो, पहिले सहा महिने तीन सोसायट्या पकडा आणि चौथीला जाऊ नका. दाराला बेल वाजवत हिंडायचे दिवस गेले; गेटवरचा वॉचमन आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं मायगेट ॲप तुम्हाला आत सोडणारच नाहीत. ओळखीचं एक घर शोधा, ते मनापासून करा, आणि करताना एक काच मुद्दाम अर्धी पुसून फोटो काढा. घरातल्यांच्या परवानगीनं तो फोटो त्यांनाच त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू द्या. तुम्ही टाकलात तर ती जाहिरात, त्यांनी टाकला तर ती शिफारस. सोबत वार सांगा: पुढच्या गुरुवारी याच बिल्डिंगमध्ये आहे, कुणाला हवं असेल तर येताना करून जाईन. सेक्रेटरीला आधी भेटून आधारची प्रत आणि पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणी दाखला दाखवा. बेडरूमपर्यंत जायचं काम आहे, लोकांना तुमच्या स्क्वीजीपेक्षा त्या कागदाची जास्त चौकशी असते.

पहिल्या खेपेला घर चार-साडेचार तास खातं, म्हणून पहिल्या खेपेचा भाव दीडपट घ्या. तीन-चार महिन्यांनी त्याच घरी गेलात तर काम अर्ध्या वेळात होतं. तेव्हा भाव कमी करा आणि कमी केलाय हे सांगा. निघतानाच पुढची तारीख वहीत लिहून घ्यायची. ‘हवं तेव्हा फोन करा’ म्हणून निघालात तर तो फोन थेट पुढच्या दिवाळीला येतो, आणि दिवाळीत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. तारीख ठरलेली घरं एकेकदा केलेल्या घरांपेक्षा जास्त भरवशाची कमाई देतात.

घरांशिवाय दुकानं घ्या, पण वेगळ्या हिशेबानं. दवाखाने, सलून, बेकऱ्या, चष्म्याची दुकानं, जिम: यांच्या काचा रस्त्यावर असतात, आठवड्याला घाण होतात आणि काम वीस मिनिटांचं असतं. सकाळी शटर उघडायच्या वेळेला एकाच रस्त्यावरची पाच-सहा दुकानं उरकली की दिवसाचं पेट्रोल-चहा-नाश्ता निघतो आणि हातही बसतो. दुकानदार पन्नास-शंभर रुपयांवर घासाघीस करेल. करू द्या, फक्त महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात घ्या. रंगारी, ॲल्युमिनियम फॅब्रिकेटर आणि कबुतराची जाळी लावणारे यांच्याशी ओळख ठेवा. त्यांचं काम संपतं तिथं आपलं सुरू होतं. कबुतरांवरून आठवलं: ड्राय बाल्कनीत आणि एसीच्या मागं साठलेली विष्ठा सुकी खरवडू नका. तिची धूळ फुप्फुसाला बाधते. आधी पाणी फवारून भिजवायची, चांगला मास्क लावायचा, आणि त्या कामाचे वेगळे पैसे.

कंपन्यांची मोठी कामं पहिल्या वर्षी घेऊ नका असं मी म्हणेन. काम जातं वेळेवर, पैसे येतात तीन महिन्यांनी, आणि तुमच्याकडे तेवढा दम नाही. घेतलंच तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात नियम आहे. एवढ्यानं पैसे लगेच येतील असं नाही, पण तगादा लावताना बोलायला आधार असतो. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे ती चिंता आज नको. बँकेत धंद्याचं वेगळं खातं काढा, क्यूआर कोड त्याचाच ठेवा.

आता दोरी. इथं मी मोघम बोलणार नाही: एकट्यानं धंदा सुरू करणाऱ्यानं दोरीवर जाऊ नये. हिंजवडीत काचेच्या इमारतींवर लटकणारी माणसं तुम्ही रोज बघता आणि त्यांना दिवसाला मिळणारे पैसे ऐकून मन जातं, हे समजतं मला. पण ते काम म्हणजे दोन स्वतंत्र दोऱ्या, दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेल्या. अंगावर पूर्ण हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षा-पट्टे. दुसऱ्या दोरीवर आपोआप पकडणारं साधन. वर गच्चीवर एक माणूस, खाली रस्ता अडवायला एक. आणि मधेच कुणी अडकलं तर उतरवून आणायची आधी ठरलेली तयारी. यातली एक गोष्ट जरी नसेल तरी ते काम धोक्याचं आहे, आणि एकट्या माणसाकडे यातल्या निम्म्या गोष्टी असूच शकत नाहीत. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला एकच दोरी बांधून पाटावर बसणारे दिसतात. त्यांच्याकडून काही शिकू नका. शिकायचंच असेल तर रोप ॲक्सेसचं, म्हणजे दोरीवर लटकून करायच्या कामाचं, रीतसर प्रशिक्षण घ्या आणि ज्यांच्याकडे पूर्ण टीम आहे त्यांच्याकडे नोकरी करा. तो वेगळा पेशा आहे.

दोरीपेक्षाही तुमच्या वाटेला जास्त येणारा धोका घरातला आहे. ‘जरा बाहेर छज्ज्यावर उतरून पुसा ना, आधीचा मुलगा उतरायचा’, हे वाक्य तुम्हाला दर महिन्याला ऐकू येईल. छज्जा, एसीचा स्टँड, बाहेर काढलेल्या पिंजरा ग्रिलचा तळ, यांपैकी कशावरही पाय ठेवायचा नाही. ग्रिलचे वेल्डिंगचे सांधे आतून गंजलेले असतात, वरून ऑइलपेंट मारलेला असल्यानं दिसत नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर बाहेर पाठ करून बसायचं नाही, पहिला मजला असला तरी नाही. शटर आत काढा, काठी लावा, पक्क्या बसवलेल्या काचेला दोन बाजूंनी चिकटणारा चुंबकाचा वायपर वापरा. तो काचेच्या जाडीनुसार घ्यायचा असतो आणि त्याची दोरी आत कशाला तरी बांधूनच बाहेरचा भाग लावायचा, नाहीतर दहाव्या मजल्यावरून कुणाच्या डोक्यात जाईल. आणि जी काच यानंही होत नाही ती होत नाही. कोटेशनमध्येच लिहा: आतून पोचेल तेवढंच. मी असं लिहितो, त्यामुळे काही कामं जातात. जाऊ द्या.

विम्याचं मात्र टाळू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण आहे. ते आजच घ्या. पण हात मोडून दोन महिने घरी बसलात तर ती योजना काही देत नाही. त्यासाठी खासगी अपघात विमा घ्यावा लागतो, ज्यात काम बंद असलेल्या आठवड्यांचे पैसे मिळतात. घेताना एजंटला ‘मी खिडक्या साफ करतो’ असंच सांगा. ‘व्यवसाय’ एवढंच मोघम लिहिलंत तर दावा करताना अडचण होते.

राहिलं एकच, नोकरी कधी सोडायची. पन्नास हजारांतले बारा सामानात गेले, तर उरलेले अडतीस म्हणजे वरच्या हिशेबानं दीड महिन्याचा घरखर्च. एवढ्यावर उडी मारू नका. सुट्टीच्या दिवशी काम सुरू करा. वेळ निवडायची तर पाऊस ओसरू लागतो तेव्हाची, गणपती ते दसरा, कारण तेव्हा माणसं स्वतःहून विचारतात. दिवाळीपर्यंत रविवार भरभरून जातील आणि मोह होईल राजीनामा टाकायचा. थांबा. दिवाळीच्या आधी काचा सगळेच करून घेतात, त्यावरून काही कळत नाही. वहीत लिहिलेल्या पुढच्या तारखांना जानेवारी-फेब्रुवारीत किती घरं ‘हो, या’ म्हणतात ते मोजा. महिन्याला पंचवीस-तीस घरं तशी हो म्हणाली, तर एजन्सीला नोटीस द्यायला हरकत नाही.